फुग्याचा वास

हात आधी गेला आणि मग तिला कळलं की हात गेला. दांडी खाली आली होती, कॉफी भाजायच्या ढोलाचं तोंड उघडलं होतं, आणि दाण्यांचा अख्खा घाणा भसाभस परातीत सांडत होता. रंग पिवळट तपकिरी. पहिली तडतडसुद्धा अजून पुरती झालेली नव्हती. परातीचे दात गोल फिरायला लागले, खालून पंखा वारा ओढायला लागला, आणि वर आला तो ओल्या पेंढ्याचा वास. भाजलेल्या कॉफीचा त्यात मागमूस नाही! इतक्या वर्षांत तिच्या हातून एखाददुसरा घाणा करपला असेल, नाही असं नाही. पण कच्चा कधी उतरला नव्हता. करपतो तो लक्ष नसलं की. कच्चा उतरतो तो घाबरलं की. आणि घाबरणं ही गोष्ट तिच्या नावाशी आजवर कुणी जोडली नव्हती. कारखान्यात तिला तोंडावर नाकताई म्हणत आणि पाठीमागे नुसतंच नाक. ‘नाक आलं का?’, ‘नाकाला विचारा’, ‘आज नाक जरा वर आहे, सांभाळून.’ तिला त्याचा राग नव्हता. खरं सांगायचं तर आतून गुदगुल्याच व्हायच्या. दाणा ढोलात कुठे पोचलाय हे ती पाठ करून उभी असताना सांगायची आणि सांगितलेलं चुकायचं नाही, मग मिरवेना का बाई थोडी? आज मात्र परातीकडे बघताना तिला वाटलं, आपल्याला कुणीतरी भर बाजारात हाक मारली आणि ती हाक आपल्यासाठी नव्हतीच.

दुसऱ्या पाळीचा भाजणारा पोत्यावर बसून डबा उघडत होता. त्याला सगळे घड्याळ म्हणत, कारण तो गळ्यात घड्याळ अडकवायचा आणि त्याच्या काट्याबरहुकूम दाणे भाजायचा. वाईट नव्हे, चांगलंही नव्हे, नेमानं भाजायचा. त्याने आधी गळ्यातल्या घड्याळाकडे बघितलं, मग परातीकडे. ‘ताई, लवकर काढलात हो.’ ‘दिसतंय मला. डोळे शाबूत आहेत माझे,’ ती म्हणाली. त्याने डब्यातली पोळी मोडायला घेतली, आणि तेच तिला जास्त झोंबलं. मालक आतल्या खोलीतून वासावरच बाहेर आले. त्यांनी एक दाणा उचलला, दाढेखाली धरला, दाबला. दाणा फुटला नाही. तो त्यांनी तोंडातून काढून रुमालात ठेवला आणि रुमालाची घडी घातली. ‘बरं वाटत नाहीये का?’ ‘ठणठणीत आहे मी.’ ‘मग उद्याच्या पोत्याचं...’ मालकांनी कोपऱ्याकडे बघितलं. ‘बघू.’

कोपऱ्यात फळीवर ते एकटं पोतं ठेवलेलं होतं. लांबच्या कुठल्याशा डोंगरावर एक बाई एकटीने मळा करते, तिने पाठवलेलं. वानगीला एकच पोतं, म्हणजे इथल्या ढोलाचा एकच घाणा. चांगला उतरला तर डोंगरावरचा सगळा माल या कारखान्याचा. बिघडला तर मालकांना त्यात काही दिसणार नाही, आणि ती बाई दुसरं गिऱ्हाईक शोधेल. पुन्हा भाजून बघू म्हणायची सोय नाही. मागच्या आठवड्यात मालकांनी चारचौघांत सांगितलं होतं, हे पोतं नाकच भाजणार. तेव्हापासून ती येता-जाता पोत्यात हात घालून दाणे मुठीत घेत होती, नाकाशी धरत होती. हिरवट, थंड, मधाचा आणि मातीचा मिळून वास. असा दाणा माणसाला जन्मात एखाद-दोनदा मिळतो. आणि आज ‘बघू’. चांगली कानफटात मारली असती तरी चाललं असतं, पण बघू!

ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. उजवा हात मांडीवर ठेवला आणि परक्याचा हात बघावा तसा बघत राहिली. अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग, नखांत तपकिरी रेघ. हा हात वस्तादांनी घडवला होता. वस्ताद एका कानाने बहिरे होते आणि दुसऱ्या कानाने त्यांना हवं तेवढंच ऐकू यायचं. सुरुवातीला ती घाईघाईने दांडीकडे हात न्यायची, तेव्हा ते पळीचा दांडा तिच्या मनगटावर हाणायचे. ‘पोर झोपेत कुरकुरलं की लगेच उचलतेस का गं? मग ते झोपणार कधी?’ पहिली तडतड म्हणजे कुरकुर. त्यानंतर खरा दाणा सुरू होतो. आंबट असतं ते गोड होतं, कडक असतं ते मऊ पडतं, आणि दुसऱ्या तडतडीच्या अलीकडे कुठेतरी एक जागा असते. ती जागा रोज हलते. दाणा नवा की जुना, हवा दमट की कोरडी, ज्योत किती, ढोल आधीच्या घाण्याने किती तापलेला, सगळ्यावर ती जागा ठरते, आणि तुम्ही ज्योत कमी केलीत की तुमच्यामुळेही ठरते. ती सापडायला तिला वर्षं लागली. सापडली त्या दिवशी वस्तादांनी दुसरीकडे बघत ‘हं’ केलं. तेवढ्या एका ‘हं’वर ती घरी तरंगत गेली होती.

आणि हाच हात आज कुरकुरीला घाबरला. का घाबरला हे तिला माहीत होतं. माहीत असलेली गोष्ट माणूस कशी मुद्दाम आडबाजूला ठेवतो, दिवाणाखाली ढकललेल्या बॅगेसारखी, तशी तिने ठेवली होती. फुगा. भावजींचा फुगा. तिचा धाकटा दीर चष्म्याच्या दुकानात कामाला होता, आणि भाड्याची खोली मिळेपर्यंत म्हणून त्यांच्याकडे राहायला आला होता. खोली अजून मिळायची होती. गोड माणूस. कधी भांडी घासून टाकेल, कधी भाऊ दौऱ्यावर गेला की वहिनीला सोबत म्हणून बाहेरचे बेत रद्द करेल. एका रविवारी खिडकीत बसून फोनकडे बघत तो मध्येच ‘आयला!’ म्हणाला, आणि तिने विचारलं, काय हो, कुणाचं लग्न ठरलं? ‘वहिनी, इकडे या. हे तुमचंच काम आहे,’ तो म्हणाला. बस्, एवढ्यानेच ती गेली. ‘तुमचंच काम’ म्हटलं की ती कुठेही गेली असती.

पडद्यावर काळं आकाश आणि खाली एक लाल फुगा. आधी पैसे लावायचे. मग फुगा उडतो, आणि त्याच्या शेजारी आकडा चढत जातो. एक, सव्वा, दीड, दुप्पट, अडीचपट. फुगा कुठेतरी फुटणार हे नक्की, कुठे ते माहीत नाही. फुटायच्या आत ‘उतरा’ दाबलंत तर त्या क्षणी आकडा जेवढा असेल तेवढ्या पटीने तुमचे पैसे परत. दाबायच्या आत फुटला तर लावलेलं गेलं. संपलं, एवढाच खेळ. चार श्वास घेतले की नवा फुगा. विचार करायला जागा नाही, उठून पाणी प्यायला जागा नाही. आधीच्या फुग्याचं दुःख वाटून घ्यायच्या आत पुढचा फुगा दोर तोडून तयार. कडेला बाकीच्या खेळणाऱ्यांची नावं धावत असतात, कोण कितीवर उतरला. कुणी दीडपटीवर, कुणी एखादा बहाद्दर वीसपटीवर, आणि ते वीस बघून आपणही थांबून बघावंसं वाटतं. वरती मागच्या फुग्यांची रंगीत पट्टी, कुठला कुठे फुटला. त्या पट्टीत भावजींना नक्षी दिसायची. ‘बघा वहिनी, तीन छोटे झाले, आता मोठा येणार.’ तिला पट्टीत काही दिसलं नाही. तिने ऐकलं. फुगा वर जाताना एक सूर चढत जायचा, बारीक, सलग, आणि तिला वाटलं की फुटायच्या जरा आधी तो किंचित थरथरतो. दुसऱ्या तडतडीच्या आधी ढोलात जशी शांतता पडते ना, तसं काहीतरी. ‘आता!’ ती म्हणाली. भावजींनी दाबलं. पापणी लवायच्या आत फुगा फुटला. भावजी तिच्याकडे असे बघायला लागले की जणू तिने हवेतून ससा काढला. ‘अहो, हे नाक आहे की काय आहे!’

काय सांगावं तो रविवार! संध्याकाळपर्यंत दोघं खिडकीत होती. ती डोळे मिटून ‘आता’ म्हणायची, ते दाबायचे, आणि फुटला की दोघं लहान पोरांसारखी टाळ्या द्यायची. चुकायचंही, पण चुकलं की ‘गाडी गेली खालून, ऐकू नाही आलं’, नाहीतर ‘तुम्ही उशिरा दाबलंत भावजी’, आणि बरोबर आलं की नाक. बरोबर आलेलं सगळं लक्षात राहायचं, चुकलेलं वाऱ्यावर जायचं. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या फोनवर फुगा घेतला. बसमध्ये कानात इयरफोनची बोंडं घालून, दुपारच्या सुट्टीत, सकाळी न्हाणीघरात नळ सोडून. पैशाचं सोडा, ते गेले तसे थोडे आलेही, आणि शेवटी गेलेच. घरात त्यावरून चूल थांबली नाही. तिला पैसे नकोच होते. तिला तो क्षण हवा होता, आपण ओळखलं आणि जगाने लगेच हो म्हटलं, असा. ढोलापाशी ‘हो’ यायला वेळ लागतो. दाणे थंड व्हायचे, दळायचे, पेला ओतायचा, कुणीतरी घोट घ्यायचा, आणि मग कदाचित एक ‘हं’. इथे दर चार श्वासांनी ‘हं’!

मग ते जमिनीवरचे फुगे सुरू झाले. म्हणजे आधीपासून होतेच, तिने मनाला लावून घेतले नव्हते. मधूनच एखादा फुगा उडतच नाही. दोर सुटतो आणि तिथल्या तिथे फट्. सूर नाही, थरथर नाही, आकडा एकावरच. यात कुणीही उतरू शकत नाही. खेळ चालवणाऱ्याचा वाटा म्हणतात तो हा. दोनदा लागोपाठ असं झालं, आणि तिला वाटलं आपल्या तोंडावर कुणी पिचकन थुंकलं. त्यानंतर ती सव्वावर उतरायला लागली. मग त्याच्याही आधी. सूर नीट सुरू व्हायच्या आत बोट जायचं, आणि उतरून बसल्यावर तोच फुगा वर वर जात राहायचा, तीस, चाळीस, साठ, आणि ती खालून मान उंच करून बघत बसायची. लवकर उतरलं तर हळहळ, थांबलं तर फट्. रोज, दिवसातून कितीदा तरी, तिच्या हाताने हा धडा गिरवला होता: वाट बघू नकोस. वस्तादांनी वर्षानुवर्षं मनगटावर हाणून जे शिकवलं ते या फुग्याने काही आठवड्यांत पुसून काढलं. हे असं सरळ तिच्या मनात पायरीवर बसल्या बसल्या आलं.

आणि बघा माणसाचं डोकं! एवढं कळल्यावर तिने काय करावं? फोन काढला. आपलं नाक शाबूत आहे याची खात्री करून घ्यायला फोन काढला! एकच फुगा, म्हटलं. थांबायचं, ऐकायचं, उतरायचं. सूर चढला, दीड, दुप्पट, थरथर आली, तिने दाबलं. आणि फुगा फुटला, लगेच, तिच्या बोटापाठोपाठ. अंगभर सरसरून काटा आला. आहे! गेलेलं नाही! तिला उठून नाचावंसं वाटलं, मालकांच्या रुमालातला तो दाणा काढून फेकून द्यावासा वाटला. तेवढ्यात खालून घड्याळाने हाक मारली, ‘ताई, पेले मांडलेत.’

रोज दुपारी चव घ्यायची रीत होती. सकाळच्या सगळ्या घाण्यांचे पेले एका रांगेत, पेल्याच्या बुडाला आकडा चिकटवलेला, मांडणारा एक आणि चाखणारे दुसरे. मांडणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, भिंतीकडे बघायचं. कुणाचा पेला कुठला हे कळलं की जीभ खोटं बोलते, वस्ताद म्हणायचे. आपल्या घाण्याला आपली जीभ आईसारखी असते. तिने चमच्याने घोट ओढत ओढत रांग संपवली. एका पेल्यात पेंढा. ‘हा माझा,’ ती म्हणाली आणि पेला उचलून त्याचं बूड बघितलं. तोच होता. घड्याळ भिंतीकडे बघत उभा होता, पुतळ्यासारखा. तिने त्याच्या पाठीकडे बघितलं, आणि चमचा हातात तसाच राहिला. तोंड फिरवून उभा राहिलेला माणूस. अगं बाई! एवढं सगळं आपण आकडा झाकून चाखतो, आणि तो फुगा? तो आपण एकदाही असा चाखला नाही. मांडणारे आपण, चाखणारे आपण, आणि ‘बरोबर’ म्हणणारेही आपणच!

घरी आल्या आल्या तिने भावजींना पकडलं. ते बूट काढत होते. ‘भावजी, हात धुवा आणि बसा. फुगा चाखायचाय.’ ‘काय करायचाय?’ ‘चाखायचाय. डोळे बांधून.’ टेबलावर तिने दोन वाट्या ठेवल्या आणि मध्ये मूठभर भाजलेले, मूठभर कच्चे दाणे. पैसे लावायचे नाहीत. न लावताही फुगा नुसता बघता येतोच. ती पाठ करून बसणार. पहिल्या वाटीला आवाज चालू. ती ऐकून ‘आता’ म्हणणार, आणि म्हणताच भावजींनी आवाज बंद करायचा. त्यापाठोपाठ फुगा फुटला तर भाजलेला दाणा टाकायचा, नाहीतर कच्चा. दुसऱ्या वाटीला तिच्या कानात कापूस, फोन मुका. फुगा सुटला की भावजींनी नुसतं खांद्याला बोट लावायचं, आणि ती तिच्या मनाला येईल तेव्हा ‘आता’ म्हणणार. ‘मध्ये एक अक्षर बोलायचं नाही, हसायचं नाही, हुंकार द्यायचा नाही.’ ‘वहिनी, मला भूक लागलीय.’ ‘दाणे खा.’

भावजींनी तोंड वाकडं करत का होईना, इमानाने केलं. आधी आवाजाची वाटी. तिने डोळे मिटले, सूर चढला, थरथर आली, ‘आता’. मागे दाणा वाटीत पडल्याचा टिक्. कुठला ते माहीत नाही. पुन्हा सूर. आणि गंमत अशी की पाठ केल्यावर, आकडा दिसेनासा झाल्यावर, तिला ती थरथर प्रत्येक फुग्यात ऐकू यायला लागली. एकाच उंचीवर, अगदी त्याच जागी. ‘भावजी, फोन कुठे ठेवलाय?’ ‘टेबलावर.’ ‘हातात घट्ट धरा बघू.’ पुढच्या फुग्याला थरथर आलीच नाही. सूर चढत गेला, वर गेला, गुळगुळीत, आणि फुटला. ती फुग्याची थरथर नव्हती हो! त्या एवढ्याशा फोनच्या कर्ण्याला उंच सूर झेपत नव्हता आणि तो टेबलावर खडखडत होता. तिने कानांत कापूस घातला. खांद्याला बोट. ‘आता.’ बोट. ‘आता.’ कधी लगेच, कधी उशिरा, एकदा तर शिंक आली म्हणून. बाहेर रस्त्यावर दिवे लागायला लागले तेव्हा ती वळली. कापूस काढला आणि दोन्ही वाट्या दिव्याखाली ओढल्या.

वाट्या सारख्या होत्या. तिने दोन्ही टेबलावर ओतल्या, बोटाने भाजलेले एकीकडे, कच्चे एकीकडे सारले. ऐकून म्हटलेलं आणि शिंक आली म्हणून म्हटलेलं, तीच रास, तोच भाव. भावजींचा चेहरा पडला. ‘आज तुमचा दिवस नव्हता वहिनी. उद्या बघा...’ ‘थांबा,’ ती म्हणाली. फोन घेतला आणि खेळाच्या कोपऱ्यातलं एक बारीक दार उघडलं, जे आजवर दोघांनीही उघडलं नव्हतं. ‘सचोटीची हमी’ असं वर ऐटीत लिहिलेलं. ती मोठ्याने वाचायला लागली. आमच्या खेळात कुणालाही, अगदी आम्हालाही, लबाडी करता येत नाही. प्रत्येक फुगा उडण्याआधीच त्याची फुटण्याची उंची ठरलेली असते, आणि ती कुलूपबंद आकड्याच्या रूपात तुम्हाला आधीच दाखवलेली असते. फुगा फुटल्यावर आम्ही किल्ली देतो, हवं तर ताळा करून बघा. कुठलाही फुगा मागच्या फुग्यावर अवलंबून नाही. ‘म्हणजे?’ भावजी म्हणाले. ‘म्हणजे तो चढतो ना, ते नाटक. गोष्ट आधीच होऊन गेलेली असते. आपण वर बघतो तेव्हा तो वर जाताना दाखवतात फक्त. तुमची नक्षी नाही, माझा सूर नाही. मेलेल्या माणसाची नाडी बघत होतो आपण, भावजी.’

आणि तिला हसू फुटलं. आधी नुसता श्वास, मग खांदे, मग पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. भावजी घाबरले, पाण्याचा पेला पुढे केला. तिला कसं सांगावं ते कळेना. आठवडेच्या आठवडे ती स्वतःला सांगत आली होती की नाक बोथट झालं, वय झालं, हात गेला. आणि नाक कुठे गेलं होतं? तिथे वासच नव्हता! लबाड तर लबाड, पण लबाडीलासुद्धा वास असतो. हा खेळ इतका सचोटीचा की त्यात हुंगायला काही ठेवलेलंच नव्हतं. जे आधीच ठरलं त्याच्याकडे लक्ष देऊन काय उपयोग? आणि जिथे लक्ष देण्याचा उपयोग नाही तिथे तिच्यासारखीचं काय काम? ‘मग एवढे दिवस मी तुमच्या ‘आता’वर जे लावत होतो ते?’ भावजींनी बारीक आवाजात विचारलं. ‘ते शिंकेवर लावलंत. माझं चुकलं, मी तुमच्यासमोर मोठेपणा मिरवत होते,’ ती म्हणाली, आणि त्यांच्यादेखत फोनमधून फुगा काढून टाकला. भावजी आपला फोन दोन्ही हातांत धरून बसले होते. ‘उद्या काढतो,’ ते म्हणाले. ती हसली आणि तिने त्यांना जेवायला वाढलं. दाणे खाऊन माणसाचं पोट भरत नाही.

सकाळी ती पोचली तेव्हा कोपऱ्यातलं पोतं ढोलापाशी आणलेलं होतं आणि घड्याळ त्याची शिवण उसवत होता. मालक हात पाठीमागे बांधून उभे. ‘आज याला बसवतोय,’ ते तिच्याकडे न बघता म्हणाले. कालची ती असती तर मान खाली घालून गेली असती. ‘नाही बसवायचं,’ ती म्हणाली. ‘हे माझं पोतं आहे.’ ‘कालचा घाणा बघितलास ना?’ ‘बघितला, चाखला, रांगेतून माझा म्हणून उचलला पण मीच. का उतरला तेही शोधलं. ते कारण घरी ठेवून आलेय.’ मालकांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. ‘आणि बिघडला तर?’ ‘तर उद्यापासून मी पोती शिवत बसेन आणि ढोलाकडे पाठ करेन. पण बिघडणार नाही.’ घड्याळाने सुरी खाली ठेवली. ‘भाजू द्या मालक,’ तो म्हणाला. ‘या दाण्याची वेळ मला माहीत नाही. खरंच नाही माहीत.’ मालकांनी पोत्यातला एक दाणा उचलून नाकाशी धरला. मग बाजूला झाले.

दाणे ढोलात पडले तेव्हा पत्र्यावरच्या गारांसारखा आवाज झाला. तिने ज्योत मोठी ठेवली, मग थोडी कमी. पळीने काढून हुंगलं: गवत. थांबली. पुन्हा: ओलं लाकूड. पुन्हा: पाव, पावाचा वरचा पापुद्रा. दाणा दाट होता, डोंगरावर सावकाश वाढलेला, उष्णता आत घ्यायला आढेवेढे घेणारा. तिने ज्योतीला पुन्हा हात लावला, आणि ढोलाचा आवाज बदलला. तिने काहीतरी केलं आणि दाण्याने उत्तर दिलं! इतकी साधी गोष्ट, आणि तिचे डोळे भरून आले. मग पहिली तडतड. एक, दोन, मग सगळ्या ढोलभर. आणि तिच्या अपेक्षेप्रमाणे तो आलाच, खांद्यापासून बोटांपर्यंत, तो झटका: काढ. आता काढ. जाईल सगळं, काढ! हात उचललाही गेला. तिने तो दांडीवर ठेवला आणि तसाच राहू दिला, ओढला नाही. घाबर लेका, ती हाताला म्हणाली, घाबर पाहिजे तेवढा, पण इथे वास आहे. तिने पळी नाकाशी धरली. आंबट. लिंबाच्या सालीचा आंबट, चांगला, पण उघडा. अजून नाही. तडतड विरळ झाली. ‘ताई, रोजच्या हिशोबाने वेळ होऊन गेली,’ घड्याळ मागून कुजबुजला. मालकांचा श्वास जवळ ऐकू येत होता. पळी. आंबट खाली बसलं होतं आणि त्याखालून मध वर येत होता. अजून नाही. ज्योत अगदी बारीक. ढोलात ती शांतता पडली, दोन तडतडींच्या मधली, आणि त्या शांततेत ती उभी राहिली. तिला घाई नव्हती. इथे काहीच आधी ठरलेलं नव्हतं. पुढचा प्रत्येक क्षण तिच्या आणि दाण्याच्या मध्ये होता, आणि तो दाणा तिला बघायला मिळत होता. पळी. मध, जर्दाळू, आणि अगदी टोकाला भाजलेल्या साखरेचं नाव. तिने दांडी ओढली.

परातीत पडताना दाण्यांचा रंग सगळीकडून एक होता.  दाणे थंड व्हायला वेळ लागला, दळायला वेळ लागला, पाणी उकळायला तर त्याहून जास्त, आणि या वेळी तिला तो सगळा वेळ आवडला. घड्याळाने पेले मांडले, त्या दिवशीचे दुसरे घाणे मध्ये मिसळून, आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मालक चमचे ओढत गेले. एका पेल्यापाशी थांबले. पुन्हा घेतला. पुढे गेले, आणि रांग अर्धी सोडून परत त्याच पेल्याकडे आले. पेल्याचं बूड बघितलंच नाही. सरळ उचलला आणि सगळा पिऊन टाकला, गरम होता तरी. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथेच उभं राहून डोंगरावरच्या बाईला लावला. ‘हो, झालं भाजून. हो. नाही, मी सांगण्यापेक्षा... थांबा, जिने भाजला तिच्याशीच बोला.’ फोन तिच्या कानाला आला. पलीकडे वारा होता, आणि वाऱ्यातून एक वयस्क, सावध आवाज. ‘कसा निघाला हो दाणा? खरं सांगा. एक पोतं पाठवलं तेव्हापासून झोप नाही मला. बाकीचा अजून झाडावर आहे, तोडू का नको कळत नाहीये.’

तिला सांगायचं पुष्कळ होतं. लिंबाची साल, मध, जर्दाळू. हात कसा उचलला गेला आणि कसा राहिला. पण ती बाई झाडाखाली उभी असेल, तिला तोडायला माणसं बोलवायची असतील. तिने परातीतला एक दाणा उचलला, दाढेखाली धरला. तो कडकन फुटला.

‘तोडा,’ ती म्हणाली. ‘सगळा पाठवा. मी आहे.’